खंडेनवमीला न्हालेली मोटर

नाशकात वीज आली तेव्हा लोकांनी तिला लांबून नमस्कार केला. रंगनाथनं तिला बोट लावलं.

बोट म्हणजे उलटं बोट, उजव्या हाताच्या मधल्या बोटाची पाठ. तळहाताकडून तार धरली तर मूठ आवळली जाते आणि माणूस चिकटतो. बोटाच्या पाठीनं शिवलं तर हात आपोआप झिडकारला जातो. एवढ्या एका युक्तीवर रंगनाथ वायरमन भद्रकालीपासून रविवार कारंजापर्यंत नावाजला होता. गिरणीत दळण न्यायला गेलेल्या बायकांना पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात? बोलवा रंगनाथला. छापखान्याच्या यंत्रात करंट उतरलाय? बोलवा रंगनाथला. तो यायचा, टोपी मागं सारायचा, डोळे अर्धे मिटून बोटाची पाठ लोखंडाला टेकवायचा आणि वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगायचा, "ताप नाय. नुसती कणकण हाय."

भोवती जमलेली माणसं म्हणायची, "वा!"

त्या 'वा'वर रंगनाथ जगत होता. बायको बायडाबाई म्हणायची, "ह्यांना भाकरी नसली तरी चालंल, वा पायजे."

पिंपळगाव बसवंतहून मिसरूड फुटायच्या आत तो नाशकाला आला तो थेट महेबूब मिस्त्रींच्या दुकानात. मिस्त्री म्हातारे, मेंदी लावलेल्या दाढीचे, उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत काढून आलेले. त्यांनी त्याला लाकडी पट्टीतून तार ओढायला शिकवलं, जोड द्यायला शिकवलं, शिव्याही शिकवल्या. मिस्त्रींना मुलगा नव्हता. दुकानात दुसरा हाताखालचा माणूसही बरीच वर्षं नव्हता. त्यामुळे मिस्त्रींच्या मागून कोण, हा प्रश्न रंगनाथच्या मनात कधी उठलाच नव्हता. सूर्य उद्या उगवेल का, असं कुणी विचारतं का?

मग छत्तीस-सदतीसच्या सुमाराला मुंबईहून पेटी आली.

वीज कंपनीनं नवा नियम काढला होता. कारखान्यात मोटर बसवली की आधी मेगर लावून तपासायची, काटा बरोबर आला तरच वीज. मेगर म्हणजे ही पेटी. कातडी पट्ट्याची, वर काच, काचेआड शून्यापासून आडव्या आठापर्यंत, म्हणजे अनंताच्या खुणेपर्यंत, फिरणारा काटा, कडेला फिरवायची मूठ.

"मिस्त्री, ही काय वाजंत्री आणली?" रंगनाथनं विचारलं. "मूठ फिरवली की गाती का?"

"गाते, बेटा. पण खरं तेच गाते. गोदीत हिला विचारल्याशिवाय आम्ही दिवा लावत नव्हतो."

रंगनाथनं धोतराला हात पुसले. नवरदेवानं अंतरपाटाआड उभं राहावं तसा तो पेटीपुढं उभा राहिला आणि मुठीकडं हात नेला.

"गोरक्ष," मिस्त्री म्हणाले, "पुढं ये. मूठ धर."

रंगनाथचा हात हवेतच राहिला.

गोरक्ष चैत्रात दुकानात आला होता. लासलगावच्या कांद्याच्या बाजारात वाढलेला, इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलेला, काडीसारखा पोरगा. कामात बरा, पण भित्रा. मेन स्विच बंद केला तरी मागं फिरून पुन्हा बघून यायचा. तारेला शिवण्याआधी हात कोरडे करायचा, पायाखाली फळी घ्यायचा. रंगनाथनं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'ससा' ठेवलं होतं. आणि त्या सशाच्या हातात मूठ?

"दादा, तुम्ही धरा की आधी," गोरक्ष कानकोंडा होऊन म्हणाला.

"नको बाबा. आम्ही बोटवाले. मुठी तुम्हा शिकलेल्यांच्या."

त्या दिवशी रंगनाथ जेवला नाही. बायडाबाईनं ताट वाढून ठेवलं, मग झाकून ठेवलं, मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोण मेलं?"

"कुणी नाय."

"मग तोंड असं का? सवत आणली असती मी तुमच्यावर, तर एवढे जळला नसता."

"सवतच आणलीय! लाकडाची! आन् तिची मूठ त्या काडीपैलवानाच्या हातात! इंग्रजी येतंय ना त्याला, इंग्रजी! आकडे वाचतोय!"

"मग तुम्ही पण वाचा."

"ह्या वयात?"

"ह्या वयात जळता येतं, वाचता येत नाय व्हय?"

रंगनाथनं पाणी पिऊन पाठ फिरवली.

मिस्त्री दुपारी दुकान शांत असलं की गोरक्षला शिकवत. दुकानात बांबूच्या तट्ट्याचा आडोसा होता. रंगनाथ त्याच्या अलीकडं तारांची वेटोळी करत बसायचा. करायची वेटोळी संपली की केलेली सोडून पुन्हा करायचा.

"पहिलं काय?" तट्ट्यापलीकडून मिस्त्रींचा आवाज.

"मेन बंद."

"बंद आहे हे कुणी सांगितलं?"

"शेठनी... नाय, नाय. मी स्वतः जाऊन बघायचं. आन् फ्यूज काढून माझ्या खिशात घालायचा."

"का खिशात?"

"म्हंजे मी आत काम करत असताना कुणी वीज लावणार नाय."

"शाब्बास. आता एक तार मोटरच्या आतल्या वेटोळ्याला, दुसरी बाहेरच्या लोखंडाला. फिरव. रहाटासारखी एकसारखी, लग्नातल्या ताशासारखी नको. काटा कुठं गेला?"

"आडव्या आठावर!" हे तट्ट्याअलीकडं रंगनाथ पुटपुटला. पलीकडं गोरक्ष मागाहून म्हणाला, "आडव्या आठावर."

"म्हणजे?"

'म्हणजे भिंत पक्की,' रंगनाथचे ओठ हलले.

"म्हंजे आतली वीज आत, बाहेरचं लोखंड बाहेर. मधली भिंत पक्की हाय."

"आणि काटा शून्यावर बसला तर?"

"भिंत पडली. लोखंडाला हात लावणारा गेला."

"आणि ही उघडी तांब्याची तार? मोटरच्या पायापासून निघून जमिनीत गाडलेल्या पत्र्याला जाते ती?"

"ती अर्थ. भिंत पडलीच कधी, तर करंटानं ह्या तारेतून जमिनीत उतरावं आन् फ्यूज जळावा. माणसातून उतरू नये."

"सगळं बरोबर निघालं. आता मोटर चांगली?"

"चांगली!"

"आत्ता चांगली! सकाळी ताप नव्हता म्हणून संध्याकाळी येणारच नाही, असं कुठला हकीम सांगतो? काटा आत्ताचं सांगतो. उद्याचं विचारायचं असेल तर उद्या पुन्हा फिरवायचं."

रंगनाथला सगळी उत्तरं येत होती. गोरक्षच्या आधी येत होती. त्याला फक्त कुणी विचारत नव्हतं. एखाद्याला गाणं पाठ असावं आणि त्याला नुसतं पडदा ओढायला उभं करावं, तसा तो तट्ट्याआड बसून होरपळायचा. गोरक्ष बाहेर येऊन म्हणायचा, "दादा, काटा थरथरला तर काय समजायचं हो?" आणि रंगनाथ, ज्याला ते आत्ताच ऐकून ठाऊक झालेलं असायचं, म्हणायचा, "पेटीला विचार. ती गाती ना?"

श्राद्धपक्ष संपता संपता मिस्त्रींनी दोघांना समोर बसवलं.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दसऱ्यानंतर मी कारखान्यांतून फिरणार नाही. पेटी एकाच्या हातात देईन. कंपनीपुढं दुकानाचा शब्द मग त्याचा. तांबट आळीत गोटीरामशेठची मोटर दसऱ्याला सुरू व्हायचीय. रंगनाथ, तारा तू ओढ. गोरक्ष, तू तपास. ती फिरली की सांगतो."

"सांगायचं काय ऱ्हायलंय?" रंगनाथ घरी येऊन म्हणाला. "तारा ओढणाऱ्याला कुणी पेटी देतं का?"

गोटीरामशेठ तांबट. भांडी ठोकून घडवायची आणि हातानं घासून चकचकीत करायची, हा पिढ्यांचा धंदा. शेठनी आता घासायच्या चाकाला विजेची मोटर जोडली होती. आळीतल्या बाकीच्या कारखानदारांचे डोळे त्या मोटरीकडं लागले होते. रंगनाथनं तारा ओढल्या त्या इतक्या नेटक्या, की लाकडी पट्टी भिंतीतूनच उगवल्यासारखी वाटावी. त्याला वाटलं, आता तरी कुणी वर बघेल.

नवमीच्या सकाळी गोरक्षनं पेटी मांडली आणि सगळी आळी खाली बघायला लागली.

"काटा हालला बघ!"

"गेला, गेला! आडव्या आठावर गेला!"

"वा!" गोटीरामशेठ म्हणाले. "वा, तपासणीवाले!"

रंगनाथच्या कानात कुणीतरी तापलेलं शिसं ओतलं. त्याचा तो शब्द होता. त्याच्या हक्काचा. आणि तो ह्या पोरानं नुसती मूठ फिरवून उचलून नेला.

मिस्त्री आणि गोरक्ष पेटी घेऊन पंचवटीतल्या दुसऱ्या कामाला गेले. दुकानाचा माणूस पूजेला असावा म्हणून रंगनाथ मागं राहिला.

खंडेनवमीला तांबट आळीत हत्यारांना न्हाऊ घालतात. हातोडे, ऐरणी, सांडश्या, सगळ्यांना आधी चिंच-मिठानं घासायचं, मग पाण्यानं धुवायचं, मग हळदकुंकू, मग झेंडू. हे काम गोटीरामशेठच्या आई भागीबाईंचं. ठेंगणी, ठसठशीत बाई. लुगड्याचा काचा खोचून, सुनेला हाताशी घेऊन त्या दुपारभर राबत होत्या आणि बोलत होत्या.

"ही ऐरण तुझ्या सासऱ्यांची बरं का गं, हिला नीट घास. आणि ही नवी बाई कोण? मोटर! हिला का अशी पारोशी ठेवलीय? घरात नवीन आलीय, तिचं न्हाणं तर आधी! रंगनाथ, ए रंगनाथ, तांब्या दे रे भरून."

रंगनाथ मोटरीजवळच उभा होता. मोटरीच्या दोन्ही अंगांना जाळ्या होत्या, आतल्या तारेच्या वेटोळ्यांना वारा लागावा म्हणून. जाळीतून पाणी आत गेलं की वेटोळ्यांवरचं कापडी वेष्टण भिजणार. मग ती भिंत कसली, ओला कागद. हे त्याला भागीबाईंनी वाक्य पुरं करायच्या आत कळलं. त्यानं तोंड उघडलं.

आणि मिटलं.

उद्या सगळी आळी जमेल. बटन दाबलं की फाटकन आवाज येईल, फ्यूज जळेल, मोटर जागची हलणार नाही. सगळे म्हणतील, काय रे तपासणीवाल्या? फार काय, कुणाला एक झटका बसेल. झटक्यानं काय होतंय? मी रोज खातो. अर्थची तार आहे की, ती नेईल करंट जमिनीत. मरत कुणी नाही. फक्त ससा पळेल.

"अरे, दे ना तांब्या! हात अवघडला माझा."

रंगनाथनं हंड्यात तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि दिला.

भागीबाईंनी मोटरीच्या डोक्यावर धार धरली. पाणी जाळीतून गुळगुळ आवाज करत आत गेलं. "न्हा गं बाई, न्हा," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात सुखानं नांद." रंगनाथनं दुसरा तांब्या मागायची वाट बघितली नाही. प्रसादाचं खोबरं तोंडात टाकून तो निघाला.

घरी आला तो शीळ घालत. बायडाबाई दसऱ्याची डाळ निवडत होती. तिनं मान वर केली.

"आज काय सापडलं?"

"काय नाय. उद्या बघ, ससा कसा धूम पळतोय."

"काय केलंत?"

"मी काय करणार? मी आपला गप उभा व्हतो."

बायडाबाईचा हात सुपातच थांबला. "एवढे खूश तर तुम्ही आपल्या लग्नातबी नव्हता," ती म्हणाली. "मला नाय आवडलं हे."

"तुला माझं काय आवडतंय?"

ती पुन्हा डाळ निवडू लागली. रंगनाथनं शीळ घालून पाहिली, पण ती आता बसेना.

दसऱ्याच्या सकाळी कारखाना सारवलेला, सडा घातलेला, जमीन अजून ओली. मोटरीला झेंडूची जाड माळ. सगळे नुकते न्हालेले, अनवाणी. मिस्त्री अजून पोचले नव्हते, पण मुहूर्त कुणासाठी थांबतो? गोरक्ष पेटी पोटाशी धरून मोटरीभोवती घुटमळत होता.

"शेठ, मी म्हंतो एकदा पुन्हा मूठ फिरवू का? कालचं काल झालं."

"अहो, काल आख्ख्या आळीनं आडवा आठ बघितला!" शेठ म्हणाले. "वेळ जातोय."

"नुसतं एकदा..."

रंगनाथ पुढं सरकला. आता पोरगा मूठ फिरवणार, काटा खाली पडणार, आणि पुन्हा सगळे म्हणणार वा, काय सावध पोरगा!

"का रे?" तो मोठ्यानं म्हणाला. "सोताच्या तपासणीवर सोताचाच भरवसा नाय व्हय? मग लोकांनी कशाला ठेवायचा?"

माणसं हसली. गोरक्षचे कान लाल झाले. त्यानं पेटी खाली ठेवली.

"पहिला हात कुणाचा?" शेठनी विचारलं. पहिला हात म्हणजे मान. शेठ बटन दाबणार, मोटर फिरायला लागणार आणि मानाचा माणूस चालत्या मोटरीला कुंकवाची पाची बोटं लावणार.

"तपासणीवाल्यांचा!" कुणीतरी ओरडलं.

"नाय, नाय," गोरक्ष घाईनं म्हणाला. "रंगनाथदादांचा. सगळ्या तारा दादांनी ओढल्यात. बघा तरी त्या पट्ट्या, कशा बसवल्यात! मी काय, नुसती मूठ फिरवली. दादा, या."

सगळ्यांनी प्रथमच भिंतीवर वर बघितलं. आणि म्हणाले, "वा!"

भागीबाईंनी रंगनाथच्या तळहातावर कुंकवाचा ओला गोळा ठेवला. तो चालत गेला, कारण सगळे वाट देत होते. ओल्या जमिनीवर अनवाणी पाय. शेठचा हात बटनावर. होऊ दे, तो मनाशी म्हणाला, बसू दे झटका. मला झटक्याचं काय? अर्थ आहे, फ्यूज जाईल, आणि तोंडघशी पडेल तो हा पोरगाच. त्यानं हात उचलला आणि सहज खाली बघितलं.

मोटरीच्या पायात तोडा होता.

तांब्याचा, लखलखीत, सोन्यासारखा. जमिनीत जाणारी अर्थची तार कुणीतरी स्क्रू काढून सोडवली होती, चिंच-मिठानं घासली होती आणि सुंदर वेटोळं करून मोटरीच्या लोखंडी पायात घातली होती. जमिनीकडं जाणारा तुकडा वेगळाच भिंतीशी पडला होता. तांबटाच्या घरात काळं पडलेलं तांबं कुणाला बघवणार?

आता करंटाला जमिनीकडं जायला एकच वाट उरली होती, आणि ती धोतर नेसून, हातात ओलं कुंकू घेऊन उभी होती.

"थांबा! शेठ, हात काढा! बटनावरचा हात काढा!"

मग एकदम सगळे बोलायला लागले.

"हे काय अभद्र?"

"मुहूर्तावर ओरडतो?"

"पोटदुखी, दुसरं काय! पोराची मोटर चालू होऊ द्यायची नाय ह्याला."

गोरक्ष पुढं आला. चेहरा पांढराफटक. "दादा, तपासणीत काय चुकलं का माझं?"

केवढा सोपा प्रश्न होता. 'हो' एवढं एकच अक्षर, आणि पेटी रंगनाथची. भोवतालच्या सगळ्यांना ते पटलं असतं; खुद्द गोरक्षलाही पटलं असतं. ते अक्षर रंगनाथच्या जिभेवर येऊन बसलं. त्यानं तळहातावरच्या कुंकवाकडं बघितलं.

"तुझं काय चुकलं नाय," तो म्हणाला. "काल तू गेल्यावर तिला न्हाऊ घातलं. आत पाणी गेलंय."

"मग न्हाऊ नको घालायला?" भागीबाई भोळेपणानं म्हणाल्या. "वर्षाचा सण! मी तर ती काळी पडलेली तारसुद्धा काढून घासली, तोडा घातला. आणि तू होतास की इथं. तूच नाही का मला तांब्या भरून दिलास?"

दारातून काठीचा आवाज आला. महेबूब मिस्त्री उंबऱ्यावर उभे होते, आणि ते नुकते आलेले नव्हते.

"गोरक्ष, फ्यूज खिशात," ते म्हणाले. "पेटी लाव. रंगनाथ, मूठ तू धर."

"मी?"

"तू. फिरव."

इतके महिने ज्या मुठीसाठी तो जळत होता ती त्याच्या हातात आली तेव्हा तिला कुंकू लागलं. गोरक्षनं एक तार वेटोळ्याला लावली, एक लोखंडाला. रंगनाथनं मूठ फिरवली, रहाटासारखी, एकसारखी. काटा शून्यावर बसून होता. त्यानं जोर केला. काटा मेल्यासारखा पडून राहिला.

"पुरे," मिस्त्री म्हणाले. "दिसलं?"

"दिसलं."

"तुला वाटलं असेल, इंग्रजीसाठी त्याला निवडला. आकडे मी तुला एका दुपारी शिकवले असते. तट्ट्याआड बसून तू शिकलासही, मी काय बहिरा आहे? पण तुला विजेची भीती नव्हती, बेटा. ज्याला स्वतःला झटक्याचं काही वाटत नाही, त्याला दुसऱ्याच्या झटक्याचं काय वाटणार? हा पोरगा घाबरतो. म्हणून दहादा बघतो." मग ते गोरक्षकडं वळले. "आणि तू! एकदा मन म्हणालं ना, पुन्हा फिरव? मग माणसं हसली म्हणून पेटी खाली ठेवलीस? हसणाऱ्यांचा जनाजा कोण उचलणार होता?"

गोरक्षनं मान खाली घातली. त्याला बोलणी बसताना बघून रंगनाथला एरवी गुदगुल्या झाल्या असत्या. त्या दिवशी झाल्या नाहीत, असं म्हणणं खोटं होईल. झाल्या, पण थोड्याच.

मुहूर्त गेला. मोटरीच्या जाळ्या खोलल्या, आतलं पाणी फडक्यानं टिपलं, उन्हात ठेवली, भोवती कोळशाच्या शेगड्या लावल्या. भागीबाई शेगडीला वारा घालत कुरकुरत होत्या, "ऐरण न्हाते, हातोडा न्हातो, हिलाच काय धाड भरलीय?"

"हिला पाणी सोसत नाही, भागीबाई," मिस्त्री म्हणाले. "पुढच्या वर्षी कोरडं कुंकू लावा, माळ घाला, आणि त्या तारेला हात लावू नका. काळी पडू दे."

"मग आधी सांगायचं की रे मेल्यांनो!" त्या म्हणाल्या, आणि 'मेल्यांनो' म्हणताना बघितलं मात्र एकट्या रंगनाथकडं.

मोटर सुकून काटा पुन्हा आडव्या आठावर गेला, त्याच दिवशी मिस्त्रींनी पेटीचा पट्टा गोरक्षच्या खांद्यावर घातला. रंगनाथ दुकानाच्या पायरीवर बसून होता. आपली योग्यता काय ते त्याला कळलं होतं. तरीही पट्टा त्या खांद्यावर चढताना बघून त्याच्या छातीत तीच कळ उठली. अजिबात कमी नाही.

"रंगनाथ," मिस्त्रींनी हाक मारली. "तुला पण काम आहे. हा जे तपासेल ते त्याच्या मागून तू तपासायचं. तू हो म्हटल्याशिवाय फ्यूज लागणार नाही."

"म्हंजे मी ह्याच्या हाताखाली?"

"हाताखाली नाही. ह्याच्या वाइटावर. ह्याची चूक निघावी असं तुझ्याइतकं मनापासून आख्ख्या नाशकात कुणाला वाटत नाही. मला तसाच माणूस पाहिजे."

तिथून पुढं रंगनाथचं आयुष्य गोरक्षच्या चुका शोधण्यात गेलं. भद्रकालीतले छापखाने, तांबट आळीतली चाकं, लासलगावच्या तेलघाण्या. गोरक्ष पेटी आवरून हात धूत असायचा तेव्हा रंगनाथ जमिनीवर पालथा पडून अर्थच्या तारेचा एकेक जोड ओढून बघत असायचा, मोटरीच्या जाळीत नाक घालून ओल हुंगत असायचा, स्वतः मूठ फिरवून काटा बघत असायचा. एकदा पिंपळगावच्या एका गिरणीत उंदरानं कुरतडलेली तार त्याला सापडली, जी गोरक्षच्या नजरेतून सुटली होती. त्या दिवशी त्यानं घरी जिलबी आणली. बायडाबाईनं एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाली, "बिचाऱ्या उंदराचं भलं होवो."

पण असे दिवस विरळ होत गेले. मागून रंगनाथ येणार हे ठाऊक असल्यामुळे गोरक्ष आणखी बारीक बघायला लागला, आणि गोरक्ष बारीक बघतो म्हणून रंगनाथला त्याहून बारीक बघावं लागलं. ह्या दोघांच्या चढाओढीत मोटरी मात्र सुरक्षित राहिल्या. कित्येक महिने रंगनाथ रिकाम्या हातानं घरी यायचा आणि भाकरी चिवडत बसायचा.

एकदा वणीला, गडाच्या जत्रेआधी, नव्या पिठाच्या गिरणीचं काम निघालं. गोरक्षचं तपासून झालं. रंगनाथ पालथा पडला, आणि मोटरीच्या पायाशी त्याला अर्थचा स्क्रू चक्क दोन आटे सैल लागला. त्याचं काळीज आनंदानं उडालं. तो ओरडणार होता. मग त्यानं तिरक्या नजरेनं वर बघितलं.

गोरक्ष भिंतीला टेकून आढ्याकडं बघत होता. फारच मन लावून. फ्यूज त्याच्याच सदऱ्याच्या खिशात होता आणि त्यावर त्याचा हात घट्ट होता.

रंगनाथ हळूहळू उठून बसला.

"गोरक्ष."

"काय, दादा?"

"हा तू सोडलास."

"कोणता?"

"लई दिवस मला काय घावलं नाय म्हणून मुद्दाम सोडलास. म्हाताऱ्याला खाऊ!"

गोरक्षचे कान लाल झाले. ते त्याचं लहानपणापासूनचं होतं, त्याला खोटं लपवता येत नसे. "तुम्ही जेवत नाय म्हणून वहिनी सांगत व्हत्या," तो म्हणाला. "आन् फ्यूज माझ्या खिशात हाय, दादा. तुम्हाला घावला नसता तर मीच आवळणार व्हतो."

रंगनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. पेटी ह्याची, खांदा ह्याचा, आता चांगुलपणासुद्धा ह्याचाच! माणसानं जळायचं तरी किती बाजूंनी? त्यानं दात खाऊन स्क्रू आवळला, इतका की पेचकसाची मूठ कुरकुरली.

"मला भीक नको तुझी. चूक करायची तर खरी कर."

"बरं, दादा." गोरक्षनं खिशातून फ्यूज काढला. "मग आता लावू?"

"ठेव तो खिशात," रंगनाथ म्हणाला आणि पेटी स्वतःकडं ओढली. "तू अजून काय काय सोडलंस ते मला कुठं ठाऊक हाय? पहिल्यापासून बघतो."